पटावर आहेत, वर्गात नाहीत : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात काही मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत एका स्वयंसेवी संस्थेने आठवी-नववीच्या मुलांसाठी जादा तासांचा कार्यक्रम चालवला. शाळा सुटल्यावर दीड तास वाचन, भागाकार, टक्केवारी आणि आठवड्यातून एकदा ‘जीवनकौशल्यं’. पैसा एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतला. वर्षअखेरीच्या चाचणीत सलग वाचता येणाऱ्या मुलांचं प्रमाण चांगलंच वाढलेलं दिसलं. संस्था खूश, कंपनी खूश. मूल्यमापन करणाऱ्या बाईंनी मात्र तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर घालायला नकार दिला, आणि तिथून पुढचं सगळं रामायण झालं.

सामाजिक संशोधनाच्या विद्यार्थ्यांशी चर्चा करताना मी हे प्रकरण नेहमी घेतो. शाळांची, संस्थेची, माणसांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. असं का करावं लागतं, हाच या प्रकरणाचा अर्धा भाग आहे.

बाई कोण

बाई याच तालुक्यातल्या. दहावीपर्यंत मराठी शाळा, बेळगावात बी.ए., धारवाडला समाजशास्त्रात एम.ए. पुढे बरीच वर्षं त्या घरोघरी जाऊन होणाऱ्या शिक्षण-पाहण्यांत होत्या, मग किशोरवयीन मुलींच्या शाळागळतीवर पीएच.डी. केली. कन्नड सफाईदार, सरकारी कचेरीत काम अडत नाही. खेड्यात गेल्या की बोली आपोआप ‘काय करूलालास?’ वर येते. इंग्रजीत शोधनिबंध लिहिणारी माणसं पुष्कळ असतात. सीआरपीपासून (शाळांच्या गटावर देखरेख ठेवणाऱ्या शिक्षण खात्यातल्या माणसापासून) वस्तीवरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांशी बोलता येणारी कमी.

त्यांच्या कामाची एक सवय इथे महत्त्वाची ठरली. घरोघरच्या पाहण्यांत मुलांची यादी घरातून तयार होते, शाळेच्या पटावरून नाही. ‘असर’ ही पाहणी 2005 पासून ग्रामीण भारतात याच पद्धतीने चालते: गावात जायचं, घरं निवडायची, घरात असलेल्या मुलाला वाचायला द्यायचं, मग ते शाळेत जात असो वा नसो. उलट 12 नोव्हेंबर 2021 ला झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणासारखी चाचणी शाळेत होते. त्या दिवशी वर्गात बसलेलं मूल मोजलं जातं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिली सांगते, या गावातली मुलं काय शिकली. दुसरी सांगते, वर्गात टिकलेली मुलं काय शिकली.

चौदा वर्षांच्या आसपास हा फरक एकदम रुंदावतो. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण 6 ते 14 वयापर्यंतच. कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून धरतात, म्हणजे मूल नव्या, बहुधा लांबच्या शाळेत जातं, त्याच सुमारास कायद्याचा हातही सुटतो. 2023 च्या ‘असर’ने 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या 34,745 मुलामुलींना गाठलं. त्यातली 86.8 टक्के कुठे ना कुठे नाव घातलेली होती, आणि तरी सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं 43.3 टक्क्यांनाच जमलं. नाव घातलेलं असणं आणि शिकत असणं यांत केवढं अंतर असतं, ते या वयात दिसतं.

आकडा कुठे वाकला

चाचणी नेहमीचीच : अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. जूनच्या शेवटी पहिली फेरी, फेब्रुवारीत शेवटची. जोडीला कार्यक्रम नसलेल्या काही शाळा तुलनेसाठी.

फेब्रुवारीच्या फेरीत बरीच मुलं वर्गात नव्हती. तरी पटावर ती होती आणि हजेरीतही अधूनमधून दिसत होती. संस्थेच्या माणसांनी नेहमीप्रमाणे हजर मुलांची टक्केवारी काढली आणि जूनच्या टक्केवारीशेजारी मांडली.

यात काय चुकतं ते हिशेबाने बघू. हे आकडे फक्त समजण्यापुरते. समजा जूनमध्ये 100 मुलगे होते आणि 40 जणांना गोष्ट वाचता आली. फेब्रुवारीत 75 जण भेटले आणि त्यातल्या 45 जणांना वाचता आली, म्हणजे 60 टक्के. अहवालात येतं, ‘40 वरून 60’. आता न भेटलेले 25 घ्या. जूनमध्ये त्यातल्या 5 जणांनाच वाचता येत होतं. म्हणजे टिकलेल्या 75 मध्ये वाचणारे आधीच 35 होते, जवळपास 47 टक्के. वीस टक्के-गुणांच्या वाढीतली सात केवळ कच्चे मुलगे गेल्यामुळे आली. कोणी काही न शिकवता. त्या 25 जणांना शोधून पुन्हा तपासलं आणि अजूनही पाचच जण वाचू शकले, तर 100 पैकी वाचणारे 50. वाढ वीसवरून दहावर आली. शिवाय तुलनेच्या शाळांतली मुलंही वर्षभरात थोडं शिकलेली असतातच, तेही यातून वजा करायचं.

ही काही नवी युक्ती नाही. मुंबई आणि बडोद्यातल्या ‘बालसखी’ कार्यक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर केला, तेव्हा चाचणीला न आलेल्या मुलांसाठी शाळेत पुन्हा पुन्हा फेऱ्या झाल्या, आणि तरीही न भेटलेल्यांना घरी जाऊन तपासायचा प्रयत्न झाला. पुस्तकात हा मुद्दा एका ओळीत संपतो. खानापुरात तो चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो.

मुलगे गोव्यात, मुली घरी

बाईंनी संस्थेकडे महिनाभराचा वेळ मागून घेतला आणि न भेटलेल्या मुलांच्या घरी जायला सुरुवात केली. बरोबर तालुक्यातल्याच बी.एड. झालेल्या दोन मुली.

मुलग्यांचं कोडं लवकर सुटलं. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांतून गोवा जवळ. साखळी, डिचोली, म्हापसा इथल्या हॉटेलांत, बेकऱ्यांत गावातलं कोणी ना कोणी असतंच. नववीत नापासाची भीती, घरी कर्ज, मामा म्हणतो चल, मुलगा निघतो. त्यांना गोव्यात जाऊन गाठण्यापेक्षा बाईंनी शिमग्याची वाट बघितली. शिमग्याला पोरं गावी येतातच. सकाळी देवळाच्या कट्ट्यावर एकेकाला बाजूला घेऊन चाचणीतल्या उताऱ्याची चिठ्ठी हातात द्यायची, एवढंच. त्यातला एकजण बेकरीत रात्रपाळी करणारा. चिठ्ठी घेताना म्हणाला, ‘वाचाय येतंय की,’ आणि परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीवर थांबला. मग मोबाईल काढून म्हणाला, ह्यात बोललं की तेच लिहून येतं, वाचायची गरज कुठं पडते? बाईंनी त्याचं म्हणणं तसंच्या तसं टिपून ठेवलं. या मुलग्यांपैकी बहुतेक जूनमध्येही कच्चे होते आणि तसेच राहिले होते.

मुलींचं चित्र उलटं निघालं. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या एका वस्तीवर एक मुलगी भांडी घासत होती. बोलावल्यावर आली, ओले हात ओढणीला पुसले, तरी चिठ्ठी भिजू नये म्हणून दोन बोटांच्या टोकांनी धरली आणि गोष्ट एका दमात वाचून काढली. भागाकारही केला, अंगणातल्या मातीवर काडीने. जूनच्या चाचणीत ती वर्गातल्या पहिल्या दोन-तीनांत होती. मग घरी का?

उत्तर आईने दिलं. ‘शाळा सुटल्याव जादा तास. तास सुटेस्तोवर गाडी गेलेली. मग पोरीनं रानातनं चालत यायचं काय गे? अस्वलं हाईत.’ मुलीने आधी जादा तास सोडला. सर विचारतात, बाकीच्या मुली पुढे जातात, म्हणून मग शाळाच नको झाली. दिवाळीनंतर घरातलं कामही अंगावर पडलं, सुगी सुरू झाली, आणि प्रश्न मिटला.

11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना सरकारी गाडीत तिकीट लागत नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण तिकीट माफ झालं म्हणून संध्याकाळची आणखी एक गाडी रानातल्या वस्तीवर येत नाही. अशा मुली त्या पट्ट्यातल्या, कार्यक्रम चाललेल्या प्रत्येक शाळेत निघाल्या. तुलनेच्या शाळांत मुलगे गोव्याला जात होतेच, पण लांबच्या वस्त्यांवरच्या मुली टिकून होत्या, कारण तिथे जादा तासच नव्हता.

म्हणजे गळती दोन प्रकारची होती आणि दोन्ही आकड्याला विरुद्ध दिशांनी ओढत होत्या. कच्चे मुलगे गेल्याने टक्केवारी फुगली. हुशार मुली गेल्याने ती दबली. दोन्हींची बेरीज केली तर एकूण सरासरीत फार मोठा बदल दिसत नव्हता, आणि संस्थेच्या समन्वयकांनी हाच मुद्दा धरला: शेवटी आकडा जवळपास तोच येतोय ना, मग छापायला काय हरकत?

हरकत अशी की मुलगे आणि मुली वेगळे केल्यावर गोष्टच बदलत होती. मुलग्यांमधली बरीचशी वाढ वर्गातून गळलेल्या मुलांची सावली होती. मुलींमध्ये कार्यक्रमाचा उपयोग खराखुरा होता, मात्र गावात राहणाऱ्यांना. वस्तीवरच्या मुलींना त्याच कार्यक्रमाच्या वेळापत्रकाने बाहेर ढकललं होतं. वाचन सुधारण्यासाठी काढलेला कार्यक्रम उत्तम वाचणाऱ्या मुलीला घरी बसवतो, ही बाब तळटीपेत टाकण्यासारखी नाही. इथपर्यंत मी बाईंच्या बाजूने शंभर टक्के आहे.

पोस्ट

खरा पेच यानंतर आला. न भेटलेली मुलं पटावर हजर का दिसत होती, हे लिहायचं की नाही?

एका मुख्याध्यापकांनी चहा पाजता पाजता सरळच सांगितलं. ‘मॅडम, ही पोरं पटावरनं काढली तर वर्ग मोडतो. वर्ग मोडला की पोस्ट जाते. पोस्ट गेली की गणित कोण शिकवणार, तुम्ही येणार?’

यात लबाडी आहे, पण नुसती लबाडी नाही. पदं पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत 30 मुलांमागे आणि सहावी ते आठवी 35 मुलांमागे एक शिक्षक धरलेला आहे, आणि हायस्कूललाही पटाचं गणित सुटत नाही. मराठी शाळांचा पट आधीच उतरतीला लागलेला, कारण ऐपत असलेला पालक मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला, त्यानंतर तर तो ओघ अडवायला काही उरलंच नाही. मराठी शिकवणारं पद एकदा रिकामं झालं की भरायला वर्षं जातात. तोवर अतिथी शिक्षकावर भागवायचं, मिळाला तर. या मुख्याध्यापकांनी खोटी हजेरी मांडून स्वतःच्या घरी काही नेलं नव्हतं. उरलेल्या मुलांचा गणिताचा शिक्षक वाचवला होता.

त्यात हा सीमाभाग. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा वाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि इथे शाळेचा आकडा कधीच नुसता शाळेचा आकडा राहत नाही. मराठी शाळांत पोरंच नाहीत असं छापून आलं असतं, तर एका बाजूने शाळा बंद करा म्हणायला सुरुवात केली असती आणि दुसऱ्या बाजूने हा अन्यायाचा पुरावा म्हणून फलकावर रंगवला असता. वस्तीवरची गाडी दोघांच्याही निवेदनात आली नसती. (1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि इथल्या मराठी माणसांच्या काळ्या दिवसाच्या, आसपास तर अशा विषयावरचा कागदही कोणाच्या हाती देऊ नये, असं माझं मत आहे.)

कंपनीची मागणी होती शाळानिहाय तक्त्याची: पट, हजेरी, आधी, नंतर. पैसे देणाऱ्याने हे मागणं स्वाभाविक आहे. पण शाळांकडून परवानगी घेताना बाईंनी लेखी दिलं होतं की शाळेगणिक माहिती कोणालाही दिली जाणार नाही. समन्वयकांनी मध्यममार्ग सुचवला: शाळांना ‘क’, ‘ख’, ‘ग’ म्हणू. एवढ्याशा तालुक्यात मराठी हायस्कुलं किती? ‘नदीपलीकडची, अभयारण्याजवळची, मुली कमी असलेली शाळा’ एवढं लिहिलं की बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसातला शिपाईसुद्धा नाव सांगेल.

बाईंनी काय केलं

त्यांनी शाळानिहाय तक्ता दिला नाही. पहिल्या पानावर मुलगे आणि मुली यांचे आकडे वेगळे दिले, न भेटलेल्यांना धरून आणि वगळून, दोन्ही. जी मुलं शोधूनही सापडली नाहीत, त्यांच्यासाठी दोन टोकं मांडली: ती सगळी वाचू शकत असतील तर वाढ किती, आणि एकही वाचू शकत नसेल तर किती. त्या दोन टोकांमधलं अंतर बरंच मोठं होतं आणि ते तसंच दाखवलं. निधी देणाऱ्यांना असं अंतर आवडत नाही. त्यांना एक आकडा हवा असतो, सादरीकरणात मोठ्या अक्षरांत घालायला.

हजेरीच्या घोळाबद्दल अहवालात एकच वाक्य गेलं: मुलांची यादी पटावरून न घेता घरांवरून तयार करावी. कारण दिलं नाही. ओळख पटू नये म्हणून भूगोलही काढला, आणि त्याबरोबर बसचा मुद्दाही अहवालातून गेला. या सगळ्या अभ्यासातली सर्वांत उपयोगी माहिती, जिच्यावर उद्याच्या उद्या काही करता आलं असतं, तीच छापील कागदावर आली नाही. ती त्यांनी तोंडी नेली. मुख्याध्यापकांशी बोलल्या, सरकारी शाळा होती तिथे शाळा सुधारणा समितीच्या बैठकीला बसल्या, डेपो मॅनेजरला भेटल्या. डेपोने गाडीची वेळ बदलली नाही. पण संस्थेने जादा तास संध्याकाळऐवजी सकाळी, प्रार्थनेआधी घ्यायचं ठरवलं. त्या वेळी गाडी येते. घरी बसलेल्या मुलींपैकी काही परत आल्या, काही नाही.

माझ्या विद्यार्थ्यांत इथे हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, खोटी हजेरी माहीत असून गप्प बसणं म्हणजे संशोधकाने त्या खोटेपणात भागी होणं. सरकारची आकडेवारी अशीच सडते. दुसरा म्हणतो, त्यांचं काम वाचनाचं मूल्यमापन होतं, शाळा तपासणीचं नव्हतं, आणि लेखी शब्द मोडून पुढच्या संशोधकाला कुठली शाळा दारात उभी करणार?

माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण एका बाबतीत बाईंशी पटत नाही. न भेटलेल्या मुलांची संख्या त्यांनी अहवाल लिहिण्याआधीच सगळ्या मुख्याध्यापकांना एकत्र बसवून समोर ठेवायला हवी होती. कोणाची पोस्ट न जाता ही मुलं पटावरून वर्गात परत कशी आणायची, याचा विचार मुख्याध्यापकांइतका नेटाने दुसरं कोण करणार? कच्च्या मुलग्यांचा प्रश्न तर सकाळच्या तासाने सुटणारा नव्हताच. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग लागतो. एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला) खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, हे शिमग्याला भेटलेल्यांपैकी कित्येकांना ठाऊकच नव्हतं. चाचणी घेणाऱ्या दोन मुलींनी आपणहून फॉर्मची माहिती मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. हे कुठल्याच प्रस्तावात लिहिलेलं नव्हतं.

मला खटकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पहिल्या फेरीची वेळ. जूनच्या शेवटी या भागात पाऊस कोसळत असतो, रोप लावणीची घाई असते, आणि रानातल्या वस्त्यांवरची मुलं शाळेत पोचलेलीच नसतात. म्हणजे सुरुवातीच्या यादीतूनही काही जण निसटलेच असणार. ऑगस्टच्या मध्यावर, लावणी उरकल्यावर पहिली फेरी घेणं सोपं होतं. पण निधीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि पहिला तिमाही अहवाल जुलैत लागतो, त्यामुळे चाचणी जूनमध्ये झाली.

दुसऱ्या वर्षाच्या निधीचं पत्र आलं, त्यात शाळानिहाय तक्त्याची अट स्पष्ट घातलेली होती. बाईंनी सही केली नाही. संस्थेने मूल्यमापनासाठी दुसरीकडे विचारणा केली आणि सकाळचे तास चालू ठेवले. घरांवरून केलेली मुलांची यादी बाईंकडेच आहे. संस्थेने ती दोनदा मागितली, बाईंनी फक्त गावनिहाय एकूण संख्या दिली.